बॅलेतलं सगळ्यात अवघड काय, आणि घरी सराव कसा करावा?

ताई, तुमची मुलगी 11 वर्षांची, बेळगावात व्हिडिओ बघून बॅले शिकतेय आणि पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक टोकाचे बूट, मागवायचे म्हणताय. आत्ता नको. पावलांची हाडं अजून वाढतायत. शिक्षकांच्या नजरेखाली दोन-तीन वर्षं घोटे पक्के झाल्याशिवाय बोटांच्या टोकावर चढायचं नाही.

अवघड म्हणाल तर माझ्या मते फुएते. एका पायावर गिरक्या, दुसरा पाय चाबकासारखा बाहेर फेकून परत आत. 1895 साली पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीनं ‘स्वान लेक’ या बॅलेमध्ये अशा सलग 32 घेतल्या, आणि तो आकडा पुढच्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसला! खरी गोम मात्र पायात नाही, मानेत आहे. अंग फिरतं तरी नजर एकाच जागी खिळलेली; अगदी शेवटी डोकं झटकन फिरून पुन्हा तिथंच. आमची भाची टिळकवाडीतल्या घरात कालनिर्णयावरच्या तारखेकडं बघत आधी पाव गिरकी घ्यायची, मग अर्धी. एक पूर्ण नीट यायला सहा महिने गेले.

घरी खिडकीचे गज धरून रोज वीस मिनिटं प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं, पुरे. पावलं खुब्यातून बाहेर वळवायची. गुडघा पिळला की दुखणं मागं लागलंच. शहाबादी फरशीवर उड्या तर अजिबात नकोत.

बॅलेचे शिक्षक मिळेपर्यंत जवळच्या भरतनाट्यमच्या बाईंकडं घाला. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्याच्या पवित्र्यात, बसायलाही खुबेच उघडावे लागतात.