रिकॉल झालेल्या सिटी बसने मुलीला पाठवावं का?

इंजिनाला आग लागण्याच्या धोक्यामुळे कंपनीने बस परत बोलावल्याची बातमी तुम्ही वाचलीत. मुलगी रोज नाशिकच्या निमाणी स्टँडहून सिटी बसने कॉलेजला जाते, तिला जाऊ द्यावं का, असं विचारलंय. जाऊ द्या. अंबडला जड वाहनांच्या वर्कशॉपमध्ये मी एकोणीस वर्षं काढली आहेत. कंपनीने दोष मान्य केला म्हणजे तो कुठे आहे हे तरी कळलं. मला धास्ती वाटते ती कंपनीचं रिकॉलचं पत्र येऊनही काम न करता रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीची.

'बसला आग' म्हटलं की आपल्या नाशिकला ८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट आठवते. औरंगाबाद रोडला मिर्ची हॉटेलच्या चौकात खासगी स्लीपर बस पेटली आणि १२ माणसं गेली. पण ती आग धडकेनंतरची होती. रिकॉलमधली आग वेगळी. गाडी कुठे धडकत नाही, धावता धावता मागून धूर येतो.

कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असतं. सिटी बसचं इंजिन बहुधा मागे, बंद कप्प्यात. दर दोन मिनिटांनी थांबा, त्यामुळे वारा कमी लागतो. लोडवर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा भाग, ५०० अंशांच्या पुढे तापतो आणि डिझेल साधारण २१० अंशांच्या वर ठिणगीशिवायही पेट घेतं. टर्बो आणि डिझेलचा पाइप यांत अंतर कधी कधी वीतभर. तिथे पाइप पाझरायला लागला, किंवा वायरिंग चासीला घासून सोललं, की झालं.

एक गाडी अजून डोळ्यांसमोर आहे. कंपनीचं पत्र होतं: एक क्लिप बदला, डिझेल रिटर्नचा पाइप थोडा बाजूला घ्या. तासाभराचं काम. मागचं झाकण उघडलं तर आत सगळं ऑइल-धुळीने काळं झालेलं, आणि त्या पाइपवर बोटाच्या पेराएवढी एकच जागा नव्या नाण्यासारखी चकचकीत. ब्रॅकेटला घासून घासून. नख फिरवलं तर खाच लागली. पत्र येऊन चार महिने झाले होते. मालक म्हणाला, "लग्नसराईत गाडी उभी कशी करणार?" मी तो काढलेला पाइप त्याच्या हातात दिला. बराच वेळ तो नुसता बघत राहिला.

शहर बससेवेत तर गाड्या ठेकेदाराच्या आणि पैसे किलोमीटरमागे, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. गाडी उभी राहिली की किलोमीटर बुडतात. म्हणून मुंबईत फेब्रुवारी २०२३ मध्ये लागोपाठ आगी लागल्यावर बेस्टने सुमारे ४०० सीएनजी बस रस्त्यावरून काढल्या, ते मला फार मोलाचं वाटतं. प्रवाशांचे हाल झाले, शिव्याही खाव्या लागल्या असतील, पण निर्णय बरोबर होता.

कायदा आपल्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष निघाला तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि रिकॉलच्या दुरुस्तीचा खर्च कंपनीचा. कोणत्या गाड्या, हे चासी नंबरवरून ठरतं. एकाच मॉडेलच्या सगळ्याच गाड्या त्यात नसतात. तुम्ही मुलीच्या रूटवरच्या दोन-चार बसचे नंबर टिपा आणि शहर बससेवेच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या: या गाड्या रिकॉलमध्ये आहेत का, असल्या तर काम कोणत्या तारखेला झालं? तोंडी विचारू नका. अर्जावर शिक्का मारून घ्या.

मुलीला एवढं सांगा. जळक्या रबराचा किंवा डिझेलचा वास आला तर लाजायचं नाही, थेट चालकाला सांगायचं. गाडी थांबली की उतरून लांब जायचं, मागे जाऊन बघत उभं राहायचं नाही. इंजिनाचं झाकण तर कुणालाही उघडू देऊ नये. हवा मिळाली की आतली धग एकदम भडकते. आणि उद्या बसमध्ये चढली की आपत्कालीन दार कुठे आहे, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, हे एकदा बघून घ्यायला सांगा. हातोडी नसेल तर तेही त्याच अर्जात लिहा.