मुलतानी माती लावतेयस? मग हे वाच
अगं, मुलतानी माती तडकेपर्यंत ठेवू नकोस, मी सुरुवातीला तेच करायचे आणि चेहरा नुसता ताणून लालबुंद, इंदूरच्या मे महिन्यात तर विचारूच नकोस. इथल्या सियागंज बाजारातून सुटी माती आणलीस तर मलमलच्या कापडातून चाळून घे, खडे असतात. दोन चमचे मातीत अर्धा चमचा कडुनिंबाची पावडर, गुलाबपाणी, बस्स. आधी कानामागे लावून एक दिवस बघ. कडा फिकट व्हायला लागल्या की, म्हणजे साधारण १० मिनिटांत, ओल्या हातानं धुऊन टाक, लगेच मॉइश्चरायझर, आठवड्यातून एकदाच. लिंबू अजिबात नको, आजी काहीही म्हणो. माती फक्त तेल शोषते हं, आतले दुखरे फोड असतील तर सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.