अमेरिकन फुटबॉल: हायस्कूलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन पास टाकणारा खेळाडू, कॉलेजात खेळू शकेल का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा पुतण्या डॅलसजवळच्या हायस्कूलमध्ये अकरावीत आहे, यंदा त्याने 28 टचडाउन पास (झेलून गोलरेषेपलीकडे नेले की गुण मिळतात असे पास) टाकले आणि एखादं मोठं कॉलेज त्याला घेणारच अशी तुमच्या भावाची खात्री आहे. मी टेक्सासमध्येच राहतो. माझा मुलगा हायस्कूलला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू होता. तेव्हापासून नऊ वर्षं मी दर शुक्रवारी रात्री स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कॅमेरा लावून शाळेचे सामने चित्रित करतोय. तिथून मैदानावरची बावीसच्या बावीस मुलं दिसतात. तिथे उभं राहून जे शिकलो, ते सांगतो.

पहिलं म्हणजे 28 हा आकडा बाजूला ठेवा. समोरचा संघ कसा होता, पुढचे लाइनमन धावून येणाऱ्यांना किती वेळ रोखून धरतात, रिसीव्हर किती वेगवान आहेत, यावर तो निम्मा अवलंबून असतो. उलट आकडे नसले तरी मुलगा मोठा खेळाडू असू शकतो. क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड टेक्सासमधल्या वेस्ट कोलंबियाच्या शाळेत ज्या ‘विंग-टी’ पद्धतीने खेळला, तिच्यात चेंडू घेऊन पळण्यावरच सगळा भर, पास क्वचितच. मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठाने घेतलं. तिथून वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी, आणि 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) सगळ्यात पहिलं नाव त्याचं.

मग पाहायचं काय? चेंडू नाही, हेल्मेट. चेंडू हातात आल्यावर क्वार्टरबॅकला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. बहुतेक मुलं कोचने सांगितलेल्या एकाच रिसीव्हरकडे टक लावून बसतात आणि तो अडकलेला दिसला की चेंडू घेऊन पळत सुटतात. हायस्कूलमध्ये पाय वेगवान असतील तर हे खपून जातं, टाळ्याही मिळतात. कॉलेजात तेच पळणं दोन यार्डांत संपतं, कारण तिथला बचाव करणारा प्रत्येक जण आपापल्या शाळेतला सगळ्यात वेगवान मुलगा असतो. पुतण्याचं हेल्मेट पहिल्या रिसीव्हरवरून दुसऱ्याकडे वळतं का? आणि नजरेबरोबर पाय वळतात का? नजर उजवीकडे गेली पण पाय डावीकडेच राहिले, तर पास रिसीव्हरच्या मागे किंवा डोक्यावरून जातो. मुद्दाम डावीकडे पाहून सेफ्टीला, म्हणजे सगळ्यात मागे उभ्या बचावपटूला, तिकडे ओढायचं आणि उजवीकडे फेकायचं, हे सोळा वर्षांच्या मुलात मी नऊ वर्षांत दोनदाच पाहिलंय. ती दोन्ही मुलं पुढे खेळली.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चेंडू हातातून सुटतो केव्हा. रिसीव्हर मोकळा झालेला दिसल्यावर, की तो मोकळा होणार हे ओळखून, त्याने वळायच्या आधीच? टप्पा पडायच्या आधी पाय हलवणारा फलंदाज आणि पडल्यावर हलवणारा फलंदाज, तसाच हा फरक. हायस्कूलमध्ये रिसीव्हर तीन-चार यार्ड मोकळा असतो, त्यामुळे उशीर झाला तरी पास पोचतो. कॉलेजात ती जागा हातभर असते आणि क्षणात बुजते. माझ्या मते सगळ्या परीक्षेचं मूळ इथेच आहे, आणि कौतुकाच्या क्लिपांमध्ये नेमकं हेच दिसत नाही.

हे मी स्वतः अनुभवलंय. एका मुलासाठी मी चार मिनिटांचा छान व्हिडिओ कापून दिला होता, सगळे लांब पास, सगळे टचडाउन. एका कॉलेजच्या कोचने तो पाहिला आणि उलट निरोप पाठवला: तुम्ही हरलेले दोन सामने पूर्ण पाठवा. त्यांना थर्ड डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींतल्या तिसरीला) आठ यार्ड हवे असताना, अंगावर ब्लिट्झ (बचाव करणाऱ्या जास्तीच्या मुलांची एकदम धाव) येत असताना मुलगा काय करतो ते बघायचं होतं. नजर मैदानावर राहते, की धावून येणाऱ्यांकडे खाली जाते? इंटरसेप्शन झाल्यावर, म्हणजे पास समोरच्या संघाने झेलल्यावर, पुढच्या खेपेला तो तसाच पास पुन्हा टाकायला धजतो का? बाकावर परतल्यावर लाइनमनशी बोलतो, की एकटा बसतो? तेव्हापासून मी दोन खेळ्यांमधला, बाकावरचा वेळही चित्रित करतो.

हाताची ताकद लागतेच, आणि ती तपासायचा सोपा मार्ग मैदानावरच आखलेला आहे. हॅश म्हणजे मैदानाच्या लांबीला समांतर आखलेल्या तुटक खुणा, खेळी सुरू करताना चेंडू त्यांच्यावर किंवा त्यांच्या मध्ये ठेवतात. हायस्कूलच्या हॅशच्या दोन रेषा मैदानाचे तीन समान भाग करतात, त्यांच्यात 53 फूट 4 इंच अंतर असतं. कॉलेजात ते फक्त 40 फूट आहे. म्हणून डाव्या हॅशवरून उजव्या कडेला जाणारा पास हायस्कूलमध्ये कॉलेजपेक्षा जवळजवळ सात फूट लांब पडतो. पंधरा यार्ड पुढे जाऊन कडेकडे वळलेल्या रिसीव्हरला तो चेंडू हवेत न तरंगता, सरळ पोचत असेल, तर हात कॉलेजला पुरेसा आहे. साठ यार्ड फेकतो का, हे मी विचारतच नाही.

उंचीची फार काळजी करू नका. सव्वासहा फुटांची मुलं कोचना आवडतात हे खरं, पण एनएफएलमध्ये खेळलेले क्वार्टरबॅक पाहा: काइलर मरे पाच फूट दहा इंचांचा आणि ड्रू ब्रीझ सहा फुटांचा.

भावाला एक गोष्ट मात्र प्रेमाने सांगा. एका संघात खेळणारा क्वार्टरबॅक एकच असतो. त्यात 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद) सुरू झाल्यापासून मोठी कॉलेजं दुसऱ्या कॉलेजातला तयार, अनुभवी क्वार्टरबॅक आणणं पसंत करतात, त्यामुळे हायस्कूलच्या मुलांची दारं अरुंद झाली आहेत. कॉलेजांचे संघ तीन पातळ्यांत असतात, डिव्हिजन वन सगळ्यात वरची. म्हणून डिव्हिजन वनमधल्याच खालच्या संघांकडे, डिव्हिजन टू-थ्रीकडे आतापासून पाहा. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप मिळत नाही, पण अभ्यासावर मदत मिळते. एनएफएलचा क्वार्टरबॅक जॉश अॅलन याला हायस्कूलनंतर डिव्हिजन वनची एकही ऑफर नव्हती. रीडली या ज्युनिअर कॉलेजातून तो वायोमिंगला गेला आणि 2018 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला. मार्कांकडेही लक्ष हवं: डिव्हिजन वनला 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (गुणांची सरासरी) लागतो.

तुम्ही नाशिकला असलात तरी एक काम करू शकता. पुतण्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, हरलेल्या सामन्याचं चित्रण लावायला सांगा आणि चेंडू सुटायच्या आधी थांबवून विचारा, ‘इथे तुला काय दिसलं?’ ‘दोन सेफ्टी मागे होते, त्यातला एक पुढे सरकला, म्हणून मधला रिसीव्हर मोकळा होणार हे कळलं,’ असं तो सांगू लागला, तर पास चुकलेला असला तरी मला कळवा. जूनमध्ये कॉलेजांच्या मैदानांवर कॅम्प भरतात, त्यांतले कुठले त्याच्या कामाचे हे आपण बसून ठरवू.