बालरथ सोडून पुन्हा लाइनच्या ट्रकवर जावं का?

तुम्ही लिहिलंय की आधी गोव्यातल्या वेर्ण्याहून भिवंडी-अहमदाबादच्या लाइनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता, मुलगी लहान म्हणून सोडलं, गेली सहा-सात वर्षं डिचोलीकडे बालरथ, म्हणजे गोव्यातली शाळेची बस, चालवताय. आता ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला "नवी गाडी देतो, ये" म्हणतोय. वय पंचेचाळीस. हात बसेल का आणि जावं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

हात बसेल, त्याची काळजी सोडा. मीसुद्धा लाइन सोडून घराजवळ खाणीच्या टिपरवर आलो होतो आणि 2018 ला खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्यावर परत लाइन धरली. स्टिअरिंग पहिल्याच घाटात ओळखीचं वाटलं. वेळ लागला तो झोपेला. तिशीत पहाटे तीनला ढाब्यावर तोंड धुतलं की पुढे जाता यायचं. पंचेचाळीशीत तसं होत नाही, आणि डुलकी सांगून येत नाही.

जायचं की नाही, हे मालकावर आणि लाइनवर ठरतं. पगार किती, हे तुम्ही विचारलंच असेल. गाडी चालते तेव्हाचा हिशोब सगळेच मालक सांगतात. गाडी उभी असते तेव्हाचा हिशोब काय, ते विचारा. भिवंडीच्या गोदामावर शनिवारी दुपारी पोचलात, टोकन मिळालं, हमाल निघून गेले, की गाडी सोमवारी खाली होणार. ही खोटी (खोळंबा) कोणाच्या खात्यावर? पार्टीकडून (मालवाल्याकडून) हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे मिळालं तर ते मालकाकडे जातं, त्यातलं तुमच्या हातात काय येतं? भत्ता दिवसावर आहे की खेपेवर? खेपेवर असेल तर उभा असलेला प्रत्येक दिवस तुम्ही स्वतःच्या खिशातून जेवताय. परतीचं भाडं मिळेपर्यंत वापीला चार दिवस थांबवलं तरी तेच. मला एका मालकाने पगार चांगला सांगितला होता. महिनाअखेरीला ताडपत्रीखाली भिजलेल्या पोत्यांचं शॉर्टेज आणि डिझेलचं अॅव्हरेज कापून हातात आलेले पैसे मोजायला वेळच लागला नाही. अॅव्हरेज धरताना अनमोडचा घाट चढणारी भरलेली गाडी आणि सपाटीवरची गाडी तो एकाच मापात धरतो का, हेही आधीच विचारा. ओव्हरलोडचं चलन कोण भरणार, तेसुद्धा. 2018 ला एक्सलची मर्यादा वाढवली, दहा चाकीला एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टन झालं, पण म्हणून जास्त भरायची सवय गेली असं समजू नका.

तुम्ही सोडल्यानंतर बदललेल्या गोष्टीही शेवटी वेळेच्या हिशोबावरच येतात. टोलवर फास्टॅग 2021 पासून सक्तीचा आहे, तिथे वेळ वाचतो. ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. आता त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी धरतात. 2025 च्या जुलैत अनमोडचा रस्ता खचून जड गाड्यांना बंद झाला, तसं काही झालं की वळसा पडतो, दिवस जातो आणि बिलाची मुदत रस्त्यातच संपते. मुदत संपण्याआधी आठ तास किंवा संपल्यानंतर आठ तास, एवढ्यात ती वाढवून घेता येते. ते काम ऑफिसचं. रात्री अकराला फोन उचलून ते करणारा माणूस ऑफिसात आहे का, हे बघा. नसेल तर तपासणीत गाडी अडली की साहेबांपुढे हात जोडून तुम्हीच उभे.

गाडीचं म्हणाल तर 2020 नंतरची सगळी बीएस-सहा. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी (आपण युरियाच म्हणतो, डीईएफ कोणी म्हणत नाही) रिकामी होत आली की मीटरवर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर इंजिनची ताकदच कमी होते. भरलेल्या गाडीला घाटात तसं झालं की मागे अर्धा किलोमीटर हॉर्न. दुसरं, उताराला न्यूट्रल मारायची जुनी सवय असेल तर ती घरी ठेवून या. गिअरमध्ये राहून एक्सिलरेटर सोडला की ही इंजिनं डिझेल जाळतच नाहीत, म्हणजे न्यूट्रलने वाचत काही नाही, उलट इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. "नवी गाडी" म्हणजे किती नवी, तेही विचारा. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. दुपारी उभ्या गाडीत झोपून पाहिलंय तुम्ही, त्यामुळे याची किंमत मी सांगायला नको.

झोपेवरून आठवलं. कोकण रेल्वेची रो-रो 1999 पासून कोलाड ते वेर्णा धावतेय, पुढे सुरतकलपर्यंत जाते. ट्रक वॅगनवर, तुम्ही केबिनमध्ये आडवे. तुमचा मालक मुंबईकडच्या खेपेला ती वापरत असेल तर माझ्या हिशोबात तो दोन-तीन हजार पगार जास्त देणाऱ्यापेक्षा बरा.

माझं मत विचाराल तर भत्ता दिवसावर, लाइन ठरलेली आणि महिन्यातून घरी यायचे दिवस आधी कबूल, एवढं असेल तर जा. "भाडं मिळेल तिकडे" अशी गाडी असेल तर पैसे जास्त दिसले तरी बालरथ सोडू नका. मानधन कमी आहे हे मान्य, पण संध्याकाळी घरी असता. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी सोडणार का, हे आजच विचारून घ्या. उत्तर देताना तो इकडेतिकडे बघायला लागला तर तेच उत्तर समजा.

लायसन्सवर जड वाहनाचा वर्ग चालू आहे ना, तेही तपासा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणाआधी पुन्हा टेस्ट द्यावी लागते. शुगर आणि डोळे आरटीओच्या फॉर्मसाठी नको, स्वतःसाठी तपासून घ्या.

आणि राजीनामा आत्ता देऊ नका. मे महिन्यात शाळा बंद असतात, तेव्हा त्याच मालकाच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर म्हणून एक-दोन खेपा मारा. पहिल्या रात्रीचं काही धरू नका, उत्साहात निघते. तिसऱ्या-चौथ्या रात्री शरीर काय म्हणतं ते बघा. गाडीवरच्या ड्रायव्हरला मागचा हिशोब कधी मिळाला, तेही जेवताना सहज विचारा. आणि परतीच्या भाड्यासाठी थांबलेले असताना मालकाला फोन लावून बघा, कितव्यांदा उचलतो ते.