पाणी कुठे जातं ते आधी सांग

प्रिय पोरी,

परवा तू आलीस, आर्किटेक्चर कॉलेजच्या ड्रॉइंगच्या शीट्स डायनिंग टेबलवर पसरल्यास, दोन तास बोलत होतीस आणि माझं अर्धं लक्ष कुकरकडे, मग तो फोन आला, आणि निघताना दारात चपला घालता घालता तू म्हणालीस, "मावशी, जगातल्या भारी बिल्डिंगा सगळ्या बांधून झाल्यात गं, मी आता काय करणार?" ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. फोनवर मला असलं बोलता येत नाही, मी एकतर ओरडते नाहीतर विषय बदलते.

तू हुशार आहेस वगैरे लिहिणार नाही, ते तुला माहितीये. कॉलेजच्या ज्युरीत, डिझाईन तपासताना, त्या सरांनी तुझ्या डिझाईनला कन्सेप्ट नाही म्हटलं, त्याचंही मला काही वाटलं नाही, आमच्या वेळी 'पोएट्री नाही' म्हणायचे. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तू ती पांढरी, सपाट छताची लायब्ररी दाखवलीस, प्लॅन, सेक्शन, रेंडर म्हणजे ती कॉम्प्युटरवरची खरीखुरी वाटणारी चित्रं, मॉडेलचे फोटो, आणि मी विचारलं की छतावरचं पाणी कुठे जातं, तर म्हणालीस, "ते नंतर सर्व्हिसेसमध्ये, पाइपांच्या ड्रॉइंगमध्ये येईल ना." आणि साइट कुठली, तर महाड! अगं २०२१ च्या जुलैत सावित्री ज्या गावाच्या घराघरात शिरली होती त्या गावात तू लायब्ररी बांधतेयस, पुस्तकं ठेवणारेस, आणि पाणी नंतर?

पाणी कुठे जातं ते आधी सांग. मला दुसरं काही शिकवता येत नाही, हे एवढंच येतं.

तुझी हिस्टरीची नोटबुक मी चाळली, तू किचनमध्ये होतीस तेव्हा. सॉरी. इजिप्तपासून झाहा हदीदपर्यंत सगळं आहे, सालं पाठ आहेत, स्टाईल पाठ आहे, स्केचेस तर माझ्यापेक्षा सुंदर. पण एकाही पानावर पाऊस नाही. तुझी चूक नाही ती, आर्किटेक्चरच्या पुस्तकांत पाऊस पडतच नाही, सगळे फोटो निळ्या आकाशाचे. म्हणून तुला वाटतं की या बिल्डिंगा म्हणजे कोणाच्यातरी डोक्यात आलेले भन्नाट आकार, आणि आता आकार संपले. आकार संपोत की, पाऊस संपलाय का?

रोमचं पँथिऑन घे. तू लिहिलंयस : सम्राट हेड्रियन, साधारण इ.स. १२५, घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, उंचीही तेवढीच, मधे ऑक्युलस, 'स्वर्गाशी नातं'. बरं. ते ऑक्युलस म्हणजे छताला पाडलेलं आठ-नऊ मीटरचं उघडं भोक आहे, काच नाही, झाकण नाही. काही गाईड सांगतात की गरम हवा वर जाते म्हणून पाऊस आत येतच नाही, थापा आहेत, चांगला धो धो येतो. मग १९०० वर्षं ती इमारत कशी टिकली? खाली बघ. संगमरवरी जमीन मधोमध किंचित फुगीर आहे, चालताना कळणारही नाही इतकी, आणि तिच्यात बारीक बारीक भोकं पाडलीयत, पाणी सरकत जाऊन त्यांत उतरतं आणि खालच्या गटारातून निघून जातं. ज्याने एवढं मोठं भोक ठेवायची हिंमत केली त्याने आधी जमिनीचा ढाळ काढला होता. स्वर्गाशी नातं नंतर गं.

पॅरिसचं नोत्रदाम चर्च घे. उंच भिंतीला बाहेरून टेकू देणारे ते फ्लाइंग बट्रेस तू झकास काढलेस, थ्रस्टचे, म्हणजे भिंत बाहेर ढकलणाऱ्या जोराचे, बाण पण दाखवलेस. पण वरच्या छताचं पाणी त्याच टेकूंच्या पाठीवरच्या पन्हळीतून वाहत बाहेर येतं आणि गार्गॉइलच्या तोंडातून भिंतीपासून लांब फेकलं जातं, हे कुठे आहे? गार्गॉइल हा शब्दच मुळी घशावरून आलाय, गुळण्या टाकणारा दगड तो. टॉवरवर गालाला हात लावून बसलेलं ते भूत, ज्याचा फोटो तू चिकटवलायस, ते १९ व्या शतकात व्हियोले-ल-द्युक या आर्किटेक्टने बसवलं, त्याच्या तोंडातून थेंबही पडत नाही, ते नुसतं शोभेचं. काम करणारं सोडून शोभेचं चिकटवलंस. आपल्या देवळातलं गोमुख बघितलंयस ना, अभिषेकाचं पाणी गाभाऱ्यातून बाहेर काढणारं? तीच गोष्ट. देवाच्या अंगावरून आलेलं असलं तरी पाण्याला वाट लागते.

आता तुझं लाडकं. व्हिला साव्हॉय. तुझ्या फोनच्या वॉलपेपरवर आहे ते मी पाहिलं आणि मला एकदम कसंतरी झालं, कारण माझ्या पहिल्या ऑफिसात त्याचंच पोस्टर होतं.

पॅरिसबाहेर प्वासीला, १९२८ ते ३१ मध्ये बांधलेलं, बारीक खांबांवर तरंगणारं पांढरं खोकं, वर सपाट छत, छतावर बाग. आर्किटेक्ट ल कोर्ब्युझिएचे नव्या वास्तुकलेचे पाचही मुद्दे एका घरात, हे तू लिहिलंयस. तू हे नाही लिहिलंस की राहायला गेल्यापासून ते गळायला लागलं. घराची मालकीण मादाम साव्हॉय पत्रावर पत्रं लिहीत होती, हॉलमध्ये पाऊस पडतोय, रॅम्पवर पडतोय, गॅरेजची भिंत पार भिजलीय, स्कायलाईटमधून पाणी येऊन बाथरूममध्ये तळं होतंय. १९३७ मध्ये तिने सरळ लिहिलं की हे घर राहण्यालायक नाही, ते करून द्या, नाहीतर कोर्टात जावं लागेल. पुढे १९४० ला युद्धात ते कुटुंब घर सोडून गेलं आणि कोर्टकचेरी राहिलीच. नंतर ते घर पाडायचं घाटत होतं, जगभरच्या आर्किटेक्टनी ओरडा केला, वाचलं, १९६५ मध्ये स्मारक झालं, २०१६ मध्ये वर्ल्ड हेरिटेज. चांगलंच झालं, मी त्या घराच्या विरोधात नाहीये. पण ज्या बाईने पैसे मोजले आणि बादल्या लावल्या तिच्याबद्दल तुमच्या सरांनी स्लाईडवर एक ओळ टाकायला काय हरकत होती?

आणि हे फक्त त्याचंच नाही. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राईटचा किस्सा सांगतात, खरा-खोटा देव जाणे, की एका मालकाने पार्टीतून वैतागून फोन केला, माझ्या डोक्यावर पाणी ठिबकतंय, तर हा म्हणाला, खुर्ची सरकव. सगळे हसतात. मीही हसायचे.

आता माझं ऐक. चौतिसाव्या वर्षी मला अलिबागच्या पुढे एका रिटायर्ड हेडमास्तरांच्या बंगल्याचं काम मिळालं. मास्तरांनी फंडाचे सगळे पैसे त्यात घातले होते. मी त्यांना पांढरं खोकं दिलं. सपाट टेरेस, छज्जे नाहीत कारण छज्ज्याने एलेव्हेशनची, म्हणजे दर्शनी बाजूची, रेघ तुटत होती, आणि पन्हळ पॅरापेटच्या, गच्चीच्या कठड्याच्या, मागे लपवलेली, दोनच आऊटलेट, कारण पाईप समोरून दिसायला नको. बाजूला सुरूची झाडं. तू कोकणात वाढली नाहीस म्हणून सांगते, सुरूच्या काड्या पावसात वाहून येतात आणि जाळीवर चटईसारख्या बसतात. पहिल्याच जूनमध्ये टेरेसचा हौद झाला. आणि मी कोण, तर चिपळूणची! आजोळी मे महिन्यात घर शाकारणं, पडवीला झडीसाठी झापं बांधणं, पागोळ्या पडतात तिथे दगड लावून ठेवणं, हे सगळं बघत मोठी झालेली. पाच वर्षं कॉलेजात घालवून मी तेवढंच विसरून आले होते.

मास्तरांनी पोस्टकार्डं पाठवली. सुंदर अक्षर, तक्रारीचा सूर नाही, "भिंतीस ओल येत आहे, सवडीने पाहून जावे." मी कॉन्ट्रॅक्टरवर ढकललं. टेरेसवरचा विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा नीट केला नाही म्हटलं, कठड्याच्या सांध्यातली गोलाई, तो वाटा, नीट काढला नाही म्हटलं, आणि वाटा खरंच नीट नव्हता, पण तो मुद्दाच नव्हता. मी दोनदा गेले आणि मग जायचं टाळलं. तिसऱ्या वर्षी कळलं की त्यांनी टेरेसवर पत्र्याची शेड टाकली. निळ्या पत्र्याची. मी संतापले, माझ्या बिल्डिंगची वाट लावली म्हणून, पार्टनरला म्हणाले या लोकांना टेस्टच नाही. मादाम साव्हॉयने पत्रं लिहिली, आपल्याकडे पत्रे टाकतात, एवढाच फरक.

नऊ वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या रस्त्याने गेले आणि गाडी थांबवली. मास्तर गेले होते. बाईंनी वर शेडमध्येच बसवलं, कोकम सरबत दिलं. पाऊस पडत होता, पत्र्यावर इतका आवाज की बोलणं ऐकू येईना, दोरीवर कपडे वाळत होते, कोपऱ्यात नारळ, मास्तरांची आरामखुर्ची. अख्ख्या घरातली तीच एक धड जागा होती आणि ती मी काढलेली नव्हती. त्या गळतीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे केलं आणि सुटलो बाई." मी माफी मागायला हवी होती. नाही मागितली. सरबत पिऊन निघाले.

त्यानंतर मी गळतीचीच कामं घ्यायला लागले. सोसायट्यांच्या टेरेस, बाथरूमच्या भिंती, पोपडे, पाणी साठवून गळती बघायची पॉन्डिंग टेस्ट. बॅचमधले लोक मला गळतीवाली म्हणतात, तोंडावरही म्हणतात. माझं नाव कुठल्या मासिकात आलं नाही, अवॉर्ड नाही, आणि खरं सांगू, मी स्वतःला पटवून दिलंय की मला ते नकोच होतं. अर्धं खरं आहे ते. पण गेल्या वीस वर्षांत मी ज्यावर हात ठेवला त्या छताखाली लोक कोरडे झोपतात, आणि मला नाही वाटत की ज्युरीतल्या त्या सरांना एवढं छातीठोक सांगता येईल. असो. मावशी स्वतःचंच पुराण लावते म्हणशील. लावतेय.

पण म्हणून तू माझ्यासारखं घाबरून पत्रेच टाकत बस असं नाही म्हणत मी, इथे चुकीचा अर्थ काढू नकोस. त्याच कोर्ब्युझिएचं फ्रान्समधल्या रोंशाँचं चॅपल बघ, १९५५ चं. खेकड्याच्या पाठीसारखं ते छत सगळं पाणी मागच्या बाजूला आणतं आणि एका जाड काँक्रीटच्या नाकपुडीतून खाली हौदात ओततं. लपवलं नाही, तोच सोहळा केला. तो माणूस शिकला असं मी म्हणते, इतिहासकार म्हणोत न म्हणोत. तुमच्या सरांचा तो कन्सेप्ट कन्सेप्ट जो काय असतो, तो तिथे त्या नाकपुडीत आहे.

आणि मुंबईत कंबाला हिलवरचं कांचनजंगा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं, १९८३ मध्ये पुरं झालं. २८ मजले, ३२ फ्लॅट. मुंबईत समुद्राचा वारा हवा तर तोंड पश्चिमेला पाहिजे, पण पश्चिमेकडूनच दुपारचं ऊन आणि तिथूनच पावसाची झड. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा गुंडाळला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला, कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजली उंच खोल गच्च्या कापल्या. तू त्यांना 'क्युबिक सबट्रॅक्शन' लिहिलंयस, ठोकळ्यातून ठोकळा वजा. अगं ती पडवी आहे! आजीची पडवी, पंचविसाव्या मजल्यावर. आणि म्हणे सगळं बांधून झालंय. पडवी हजार वर्षं होती, तरी त्या माणसाला करायला काहीतरी उरलंच होतं ना.

रेंडरिंगच्या स्टुडिओत जायचं म्हणतेस, जा हवं तर, पैसे बरे देतात. मला त्यात नैतिक वगैरे काही म्हणायचं नाही. पण रेंडरमध्ये कायम संध्याकाळ असते, माहितीये ना.

लायब्ररी फेकू नकोस. प्लॅन चांगला आहे, वाचायच्या खोल्यांमधलं ते अंगण तर फारच छान. फक्त एक कोरा ट्रेसिंग पेपर घे, छताच्या प्लॅनवर ठेव आणि एका थेंबाचा प्रवास काढ, पडला कुठे, सरकला कुठे, उतरला कुठे, शेवटी नदीला मिळाला की पुस्तकाला. मग नदीच उलटी आत आली तर पुस्तकं किती उंचावर लागतील ते काढ. आपोआप काहीतरी वाकडं होईल, छत तिरकं होईल, जमीन उचलावी लागेल, अंगणाला हौद लागेल. तेव्हा मला फोन कर. त्याच्या आधी नको.

आणि या रविवारी सकाळी आपण कान्हेरीला जाऊ. बोरिवलीत राहून एकदाच गेलीस, तेही शाळेच्या ट्रिपला, हे ऐकून मला हसू आलं होतं. शंभरावर लेणी आहेत, तीन नंबरचं चैत्यगृह सगळे बघतात, आपण वर जाऊ. दोन हजार वर्षांपूर्वी त्या लोकांनी डोंगराच्या पाठीवर बोटभर रुंदीपासून पन्हळी खोदल्यात, पावसाचं पाणी लेण्यात न शिरता त्यांतून थेट टाक्यात जातं, आणि जवळपास प्रत्येक लेण्याशेजारी टाकं. शिलालेखात त्याला पोढी म्हटलंय, आणि लेणं दान केलं तसं पोढी पण दान केली असं लिहून ठेवलंय, म्हणजे बघ, पाण्याची सोय हे नाव कोरून ठेवण्यासारखं काम होतं तेव्हा. ऐन पावसात गेलं की सगळं चालू असतं, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सँडल घालून येऊ नकोस, शेवाळ फार असतं. मोजायला टेप आण, माझी तुटलीय. आणि शीट्स आणल्यास तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून आण गं, परवाचे दोन माझ्या जिन्यात भिजले, आमच्या सोसायटीच्या जिन्याचं छत गळतंय, कमिटीला तीन वर्षं सांगतेय.

तुझी,
मावशी