वाचकांचे प्रश्न : आयर्लंडला जाताय? मग टूरची यादी आधी बाजूला ठेवा

प्रश्न : मुलगा दोन वर्षांपासून डब्लिनला नोकरीला आहे, यंदा जूनमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे त्याच्याकडे जातोय. मी ६१ ची, हे ६७ चे. माझे गुडघे कुरकुरतात पण ह्यांना जुन्या वास्तूंचं भारी वेड, मांडूला आठ वेळा जाऊन आलेत. मुलाला सुट्टी फक्त शनिवार-रविवार, तो म्हणतो बाकीचे दिवस टूरच्या बसने फिरा, बारा टूरची यादीच पाठवलीय त्याने. काय बघावं, काय सोडावं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, ती यादी आधी बाजूला ठेवा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हेच केलं होतं. डब्लिनहून सकाळी सातच्या टूरने मोहरचे कडे बघायला निघालो, म्हणजे अख्खा देश आडवा ओलांडून पश्चिम किनाऱ्याला, पोचलो तर हे एवढं धुकं, आणि वेळ दिला होता दीड तास, त्यात बाथरूमची लाइन, त्यात चहा, आणि धुकं जरा विरळ होऊन कड्याची काळी धार दिसायला लागली तेव्हाच गाइड सगळ्यांना गाडीत बसा म्हणून हाका मारायला लागला. तो दिवस मला अजून सलतो. दुसऱ्या खेपेला रेल्वेने पश्चिमेकडच्या गॉलवे शहरात गेलो, अडीच तासाच्या आसपास लागतात, तिथे दोन रात्री मुक्काम केला आणि साध्या बसने कड्यांवर गेलो. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे टूरच्या गाड्या गेल्यावरही भरपूर वेळ मिळतो. सगळ्यात उंच जागी कडा २१४ मीटर आहे, तीन कुतुबमिनार एकावर एक ठेवा, जवळपास तेवढा, आणि खाली नुसता अटलांटिक. जुलैपर्यंत पफिन पक्षीही असतात, केशरी चोचीचे, दुर्बीण नक्की न्या. पायवाट फरसबंद आहे, थोड्या पायऱ्या आहेत, तुम्हाला जमेल. फक्त कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी कोणी बोलावलं तरी जाऊ नका, वारा माणसाला ढकलतो तिथे.

पण तुमच्या ह्यांच्यासाठी खरी जागा न्यूग्रेंज. माझं ऐकाल तर बाकी काही नाही बघितलं तरी चालेल पण हे बघा. डब्लिनच्या उत्तरेला बॉइन नदीच्या काठी गवताची एक मोठी गोल टेकडी दिसते, ती टेकडी नाहीच, माणसांनी रचलेलं थडगं आहे, इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं. म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीचं! आत १९ मीटरची अरुंद दगडी बोळ आहे, कुठे कुठे अंग तिरकं करून वाकून जावं लागतं, आणि शेवटी खोली, जिचं छत दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत सहा मीटर उंच नेलंय, चुना नाही आणि पाच हजार वर्षांत आत पाणी गळलेलं नाही, आयर्लंडच्या पावसात!

आता मुख्य गोष्ट. दाराच्या वर एक छोटी खिडकी ठेवलीय. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, उगवत्या सूर्याचा किरण त्या खिडकीतून आत येतो आणि बोळीतून सरकत सरकत पार शेवटच्या खोलीत पोचतो, साधारण १७ मिनिटं राहतो आणि निघून जातो. आपल्याला हे समजायला वेळ लागत नाही, कारण कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आपल्याला माहीत आहे, तिथे मावळता सूर्य, इथे उगवता. फरक इतकाच की हे कोणी बांधलं, त्यांची भाषा काय, देव कोण, काही उरलं नाही, किरण तेवढा दर वर्षी वेळेवर येतो. १९६७ मध्ये उत्खनन करणारे प्रोफेसर ओ'केली पहाटे एकटे आत जाऊन बसले होते, आसपासच्या लोकांकडून ऐकलेली गोष्ट खरी आहे का बघायला, आणि त्यांनी तो उजेड येताना पाहिला. डिसेंबरच्या त्या सकाळी आत जाण्यासाठी आता सोडत काढतात. पण जूनमध्ये गेलात तरी गाइड आतले दिवे घालवतो आणि दिव्याने तो किरण करून दाखवतो. मिट्ट काळोखात जमिनीवर पिवळी रेघ उमटते आणि पायाशी येते. आमच्या ग्रुपमध्ये एक लहान मुलगा सारखी बडबड करत होता, तोसुद्धा गप्प झाला.

तिकीट आधी ऑनलाइन काढा, उन्हाळ्यात ऐनवेळी मिळत नाही. थेट टेकडीपाशी जाता येत नाही, ब्रू ना बोन्या नावाचं केंद्र आहे तिथूनच त्यांची बस नेते. बोळीत वाकावं लागतं, पण चार पावलं हळूहळू, गुडघ्यांना झेपेल, ज्यांचा बंद जागेत जीव घाबरतो त्यांनी मात्र बाहेर थांबून कडेचे कोरलेले दगड बघावेत. दारासमोरच्या आडव्या दगडावरची वेटोळी वेटोळी नक्षी बघायला तुमच्या ह्यांना अर्धा तास लागेल, त्यांना लावू द्या.

दुसरी जागा डब्लिनमधलाच किलमेनहॅमचा तुरुंग. १७९६ ते १९२४ चालू होता. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनला इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, तो मोडल्यावर १४ जणांना इथल्या दगड फोडायच्या अंगणात गोळ्या घातल्या. अंगण म्हणजे उंच भिंती आणि खाली खडी, बाकी काहीच नाही, दोन टोकांना दोन काळे क्रूस. दोन का, तर तेरा जणांना एका टोकाला मारलं, आणि जेम्स कॉनली जखमी होते, उभं राहता येत नव्हतं, त्यांना गाडीतून आणलं आणि फाटकाजवळच्या टोकालाच खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. त्या चौदांतल्याच जोसेफ प्लंकेटचं लग्न ग्रेस गिफर्डशी त्याच तुरुंगाच्या चॅपलमध्ये लागलं आणि काही तासांत पहाटे त्याला मारलं. पुढे १९२३ मध्ये ग्रेसही त्याच तुरुंगात कैदी होती, तिने कोठडीच्या भिंतीवर मेरी मातेचं चित्र काढलंय, ते दाराच्या भोकातून बघता येतं.

मी तिथे उभी असताना टिळक आठवले. त्याच एप्रिल १९१६ मध्ये त्यांनी बेळगावला होमरूल लीग काढली, आणि होमरूल हा शब्द आपण आयर्लंडकडूनच घेतलेला! आणि पुढे आपले राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी तेव्हा डब्लिनमध्येच कायदा शिकत होते, १९१६ मध्येच त्यांना तिथून निघावं लागलं. तुरुंगाची तिकिटंसुद्धा ऑनलाइन, २८ दिवस आधी खुली होतात आणि पटापट संपतात, मुलाला मोबाइलवर आठवण लावून ठेवायला सांगा.

पाऊस तर येणारच, त्या दिवशी म्युझियम. किल्डेअर स्ट्रीटचं पुरातत्त्व म्युझियम फुकट आहे, सोन्याचे दागिने आणि तारा ब्रोच नावाची जुनी नक्षीदार पिन तर आहेच, पण पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या दलदलीत दोन हजार वर्षांहून जास्त टिकलेले माणसांचे देह आहेत, एकाच्या हाताची नखंसुद्धा शाबूत आहेत, मन कच्चं असेल तर ते दालन सोडा. डब्लिन कॅसलच्या आवारातलं चेस्टर बीटीही फुकट, तिथे मुघल मिनिएचर चित्रं आहेत, आपल्याकडचीच, इतक्या जवळून आपल्या देशात मला कुठे बघायला मिळाली नव्हती. ट्रिनिटी कॉलेजमधलं बुक ऑफ केल्स, म्हणजे बायबलची हाताने लिहिलेली जुनी सचित्र पोथी, सुंदर आहे, पण तिकीट महाग, आणि वरच्या लाँग रूममधली बहुतेक पुस्तकं जतनाच्या कामासाठी काढलीत, तेव्हा पुस्तकांनी भरलेली कपाटं बघायच्या आशेने जाऊ नका.

मुलासोबत एक शनिवार ग्लेंडलॉक, दोन तळी, जुना मठ, तीस मीटरचा गोल मनोरा, वाट बहुतेक सपाट. स्केलिग मायकल बेट सोडा, सहाशेवर दगडी पायऱ्या आणि कठडा नाही, तुमच्या गुडघ्यांसाठी नाहीच नाही.

प्रश्न : मुलीकडे आयर्लंडला जाताना खायला काय नेता येतं? ती पेढे आणि घरचं तूप मागतेय.
– एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : तूप, पेढे, खवा, पनीर काही नेऊ नका. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनच्या बाहेरून सामानातून न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात आणि मग जीव हळहळतो. शेव, चिवडा, जिरावण, गोडा मसाला बिनधास्त न्या. शेव तर जास्तच न्या, पोहे तिथे मिळतात, इंदुरी शेव मिळत नाही. बाहेर खाताना सूप शाकाहारी दिसलं तरी चिकनच्या पाण्यात केलंय का ते विचारा, विचारलेलं त्यांना अजिबात वावगं वाटत नाही.

प्रश्न : मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी. डब्लिनला काकांकडे जाणार आहे, जायंट्स कॉजवेचे दगडी खांब बघायचेत. काका म्हणतात बसने जाता येतं, कोणी अडवत नाही. वेगळा व्हिसा लागतो का?
– एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : लागतो, आणि ह्यात खूप जण फसतात. कॉजवे नॉर्दर्न आयर्लंडमध्ये आहे म्हणजे ब्रिटनमध्ये. हद्दीवर चौकी दिसत नाही, रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरच्या मैल झाल्या की समजायचं पलीकडे आलो, पण कोणी अडवलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे, तुझ्या आयरिश व्हिसावर बीआयव्हीएस असा शेरा असला तर त्याच व्हिसावर जाता येतं, फक्त आधी आयर्लंडमध्ये उतरायचं. शेरा नसेल तर ब्रिटनच्या वेगळ्या व्हिसाशिवाय जाऊ नकोस. आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा आयर्लंडला चालत नाही हेही लक्षात ठेव.

तिथे साधारण ४०,००० खांब आहेत, बहुतेक षटकोनी, लाव्हा थंड होताना आक्रसून तडकला त्याचे. लोक सांगतात फिन मॅककूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडला जायला रस्ता बांधला. दगडांवर फिरायला पैसे नाहीत, तिकीट आहे ते केंद्राचं. ओल्या काळ्या दगडांवर घसरतं, चांगले बूट घाल.

आणि जाण्याआधी एक रविवार काढून देवास जिल्ह्यात बागलीच्या बाजूला कावडिया पहाड बघून ये. तेच बसाल्टचे कोनदार खांब, आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचे, रचून ठेवल्यासारखे, तिथले लोक ते भीमाने आणून टाकले म्हणतात. एका खांबावर दगड आपटून बघ, लोखंडासारखा वाजतो. चांगले फोटो काढून घे, कॉजवेला काकांना दाखवायला.