मोरीतला बेडूक वाटीतलं पाणी पीत नाही, आजारी असेल का?

ऐन मे महिन्यात मोरीत आलेल्या बेडकापुढे तुम्ही पाण्याची वाटी ठेवलीत आणि त्याने तोंडही लावलं नाही, म्हणून काळजी वाटली. पण बेडूक तोंडाने पाणी पीतच नाही. तो पोटाच्या कातडीने पितो.

आमच्या बडोद्याच्या घरी, दांडिया बाजारात, माठांचा कट्टा होता. इथे त्याला पाणियारं म्हणतात. माठ पाझरून खालची फरशी कायम ओली असायची. दर उन्हाळ्यात एक खडबडीत अंगाचा भेक तिथे यायचा आणि मागचे पाय फाकवून, पोट फरशीला घट्ट चिकटवून बसायचा. आजी म्हणायची, "गारव्याला आलाय बिचारा." पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकताना कळलं, तो पाणी पीत होता!

ओटीपोटाची आणि मांड्यांच्या आतली त्याची कातडी पातळ असते, खाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. अंग सुकू लागलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं. त्यामुळे कातडीच्या पेशींवर पाण्यासाठीच्या सूक्ष्म वाटा, म्हणजे ॲक्वापोरिन, वाढतात आणि ओल्या जमिनीतलंही पाणी आत ओढलं जातं. त्याच वेळी मूत्रपिंडाचं गाळणं मंदावतं.

मूत्रपिंडाची मात्र एक मर्यादा आहे. आपल्या मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांना हेन्लेचा वळसा, म्हणजे खाली जाऊन परत वर येणारं वळण, असतं, म्हणून आपली लघवी रक्तापेक्षा दाट होऊ शकते. बेडकाला हा वळसा नाही, त्यामुळे तेवढी काटकसर त्याला जमत नाही. ती कसर मूत्राशय भरून काढतं. कॉलेजात मी ते पाहिलंय: दोन पाळ्यांची, कागदासारखी पातळ पिशवी. तिच्यातली लघवी पाण्यासारखी पातळ असते आणि टंचाईत तेच पाणी पुन्हा रक्तात घेतलं जातं. मला तर तो त्याचा रांजणच वाटतो.

तळ्यात सगळं उलट. पाणी कातडीतून सतत आत शिरतं, मूत्रपिंड ते भरपूर पातळ लघवी करून बाहेर टाकतं आणि लघवीवाटे गेलेलं मीठ कातडी तळ्याच्या पाण्यातून परत खेचते. कातडी हे मिठातलं सोडियम स्वतःची ऊर्जा खर्चून आत ओढते, हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हान्स उसिंग यांनी 1951 मध्ये बेडकाच्या कातडीवरच दाखवून दिलं.

म्हणून वाटी काढा. पसरट ताटलीत बोटभर पाणी किंवा ओलं गोणपाट ठेवा. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. मोरीत सध्या फिनाईल नको. कुणी मीठ टाकायला सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. ज्या कातडीने पाणी आत येतं, तिच्यातूनच मीठ ते बाहेर ओढतं.

आणि त्याला उचलू नका. हातात घेतला की तो मुततो. लहानपणी आम्ही त्याला खूप हसायचो, आज वाईट वाटतं, कारण त्याचा उन्हाळ्याचा साठा तेव्हा सांडत होता. तुम्ही आधीच उचलला असेल, तर त्या गोणपाटावर सोडा आणि पोट टेकवून निवांत बसू द्या.